पुन्हा अंगठा मागायला आलेत

जळगावच्या, धुळ्याच्या क्लासगल्लीत जरा चक्कर मारून या. भिंती संपल्या म्हणून विजेच्या खांबांवर बोर्ड टांगलेत. आईबापांना त्यांचा एकच सवाल: तुमचं मूल डोळ्यांनी शिकतं, कानांनी शिकतं, की हातांनी? खाली मोबाइल नंबर. आत गेलं की गुळगुळीत टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि शेजारी काच बसवलेलं एक टीचभर यंत्र. पोराची दहाही बोटं त्यावर टेकवायची. पैसे मोजायचे. आठवड्याने रंगीत कागदांची फाईल मिळते. तिच्यात लिहिलेलं असतं की पोरगं 'व्हिज्युअल' आहे, 'ऑडिटरी' आहे, नाहीतर 'कायनेस्थेटिक' आहे. आपल्या भाषेत डोळ्याचं, कानाचं, हाताचं. धंद्याचं नाव डीएमआयटी. लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण मतलब एवढाच की बोटांच्या रेषांवरून बुद्धीची जात सांगायची.

दोस्तांनो, पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ज्ञानाच्या दारात उभं केल्यावर यांनी आपल्याकडे काय मागितलं? अंगठा.

अंगठ्याचा आपला अनुभव जुना आहे. निषादाच्या एकलव्याने कुणाच्या क्लासात नाव न घालता धनुर्विद्या शिकून दाखवली, तर द्रोणाने दक्षिणा म्हणून मागितला तो अंगठा. आज्या-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर उठवला तो अंगठा. कागद डोळ्यांना दिसत होता, कागदात काय आहे ते दिसत नव्हतं. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, आणि सरकारी ठशांचं प्रकरण तिथून वाढत गेलं. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती नोंदवून त्यांची बोटं शाईत बुडवायची सोय केली. गुन्हा करायची गरज नव्हती, त्या घरात जन्मणं पुरेसं होतं. आज रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उठावा लागतो, आणि दगड-विटांनी घासून गेलेला अंगठा यंत्राला ओळखू आला नाही की धान्य अडतं.

आणि आता म्हणे लेकराची अक्कल अंगठ्यात आहे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, म्हणून शिकायची तऱ्हाही तिथंच ठरते, असं हे फाईलवाले सांगतात. म्हणजे पोटात असतानाच ठरलं. जन्मावरून ठरलं. हे आपण याआधी कुठं ऐकलंय? कुणाच्या तोंडून ऐकलंय?

तरी त्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ. गोदीत आम्ही पेटी फुटली म्हणून बोंब मारायच्या आधी पेटी उघडून बघतो. शिव्या द्यायच्या त्याही माल बघून द्याव्यात.

माणसं वेगवेगळ्या तऱ्हेने शिकतात, कुणाला चित्र आवडतं, कुणाला गोष्ट ऐकायला आवडते, हे कुणीही कबूल करील. एवढ्यावरून न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ साली एक प्रश्नावली केली, 'वार्क' नावाची. डोळा, कान, वाचन-लेखन आणि हात असे चार खाने. तिच्यात बोटांचे ठसे नव्हते, साधे प्रश्न होते. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धी एकच नसते, अनेक असतात, असं पुस्तक लिहिलं होतं. बाजारवाल्यांनी दोन्हींची खिचडी केली, वर ठशांचा तडका दिला आणि विकायला काढली. खुद्द गार्डनर यांना २०१३ साली लिहावं लागलं की माझा बुद्धीचा सिद्धांत आणि हे शिकण्याच्या तऱ्हांचं प्रकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. पण खानदेशातल्या बोर्डावर हे कोण छापणार?

खरं-खोटं करायचं असेल तर रस्ता सरळ आहे. पोरांच्या दोन टोळ्या करा, एक डोळेवाली, एक कानवाली. डोळेवाल्यांतल्या निम्म्यांना चित्रातून शिकवा, निम्म्यांना बोलून. कानवाल्यांचंही तसंच. चिठ्ठ्या टाकून वाटा, म्हणजे वशिला चालणार नाही. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. चित्रातून शिकताना डोळेवाले पुढे गेले आणि बोलण्यातून शिकताना कानवाले पुढे गेले, तरच दुकानदार खरा. अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी, पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क यांनी, २००८ साली अशा सगळ्या अभ्यासांची झडती घेतली. या कसोटीला उतरणारे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, आणि त्यातल्या कित्येकांचा निकाल उलटाच होता. पोरांची अशी वाटणी करून शिकवण्यावर पैसा घालावा इतका पुरावा नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून टाकलं. ठशांच्या धंद्याला शास्त्राचा आधार नाही हे आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही जाहीर केलेलं आहे.

मग खरं काय? ॲलन पायव्हिओ नावाच्या कॅनडातल्या माणसाने १९७१ सालीच मांडलं होतं की शब्द आणि चित्र जोडीने आले की गोष्ट डोक्यात दोन खुंट्यांवर टांगली जाते, म्हणून जास्त टिकते. हे सगळ्यांना लागू आहे. कलेक्टरच्या पोराला आणि कचरा वेचणारणीच्या पोरालाही. डोळा आणि कान हे बैलजोडीसारखे आहेत. एकाला सोडून दुसऱ्यावर नांगर धरणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी गोदीने शिकवलं. जहाजाच्या पोटात माल भरताना वर क्रेनवाला असतो, खाली आमची टोळी, मध्ये सिग्नल देणारा माणूस. तो हाताने खूण करतो आणि तोंडाने ओरडतो. 'हबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे सोड. यंत्रांचा कल्ला असला की त्याच्या हाताकडे बघायचं. अंधार पडला, धूळ उडाली, की त्याच्या आवाजाला कान लावायचा. आणि साखळीला हात लावल्याशिवाय ताण किती आहे ते ना डोळ्याला कळतं ना कानाला. आता समजा मुकादमाने टोळीतल्या कुणाला सांगितलं, की तुझी फाईल कानाची आहे, तू खुणेकडे बघू नको. तो माणूस त्या दिवशी घरी जाणार नाही. डोळा लावायचा की कान, हे समोरचं काम ठरवतं. माणसाची जात ठरवत नाही. नकाशा बघूनच कळतो. कविता ऐकल्याशिवाय कळत नाही. गाठ मारून बघितल्याशिवाय मारता येत नाही. डोळ्याच्या मुलाला कविता डोळ्याने शिकवायची आणि कानाच्या मुलाला नकाशा गाऊन दाखवायचा, ही असली अक्कल फक्त विकत मिळते.

तुम्ही म्हणाल, गड्या, बावळटांनी पैसे घालवले तर आपलं काय गेलं? इथंच खरी मेख आहे. त्या तिसऱ्या खान्याकडे बघा. हाताचं मूल.

माझ्या बहिणीने चोपड्याहून फोन केला. शेतमजूर आहे. दोन आठवड्यांची मजुरी मोजून तिने पोराचे ठसे दिले होते, कारण कुणीतरी सांगितलं की सगळे देतात. फाईलीत सगळ्यात मोठा आकडा हाताच्या खान्यात निघाला. ठसेवाल्याने समजावलं, "ताई, याच्यावर पुस्तकाचा बोजा टाकू नका. याला हाताचं काम द्या, चमकेल." बहीण मला विचारते, "दादा, आते काय करू?" आता काय करू? दुसरीतलं पोर. त्याला अजून जोडाक्षरं कुणी धड शिकवली नाहीत. आणि त्याला फावड्याकडे पाठवायची चिठ्ठी तयार झाली.

पोरांनो, नीट बघा. मुखातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायातून शूद्र. ही जुनी फाईल. तिचीही तपासणी जन्माच्या आधीच झालेली होती. नव्या फाईलीत अवयव तेवढे बदललेत. डोळ्यावाल्याने कॉम्प्युटरसमोर बसावं, कानवाल्याने सभेत बोलावं, हातवाल्याने गवंडीकाम करावं. हाताच्या कामाला कमी लेखणारा मी नाही. माझं पोट त्यावर आहे. पण हातात कामच धर आणि पुस्तक धरू नको, हे जो लहान पोराला सांगतो तो मानसशास्त्र सांगत नाही, मनुस्मृती सांगतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जिची होळी झाली तीच. राखेतून उठून तिने आता लॅमिनेशन करून घेतलंय.

कान आणि डोळा हे शब्द आमच्यासाठी कधीच साधे नव्हते. ज्यांनी आपल्या पवित्र ग्रंथांना 'श्रुती' म्हटलं, ऐकलेलं म्हटलं, त्यांनीच गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलं की शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात कथील आणि लाख वितळवून ओतावी. झालं आमचं श्राव्य शिक्षण! १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत बसू द्या म्हणून अर्ज केला. मुंबई सरकारने मुलाची बाजू न्याय्य आहे म्हणून मान हलवली आणि दार काही उघडलं नाही. झालं आमचं दृश्य शिक्षण, शाळा लांबून बघायची! बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसत, स्वतःच्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात गणित सोडवायला ते फळ्याकडे निघाले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण पोरांनी गिल्ला केला आणि डबे हलवले. फळा! वर्गातली सगळ्यात मोठी दिसणारी वस्तू. तिच्या जवळ कुणी जायचं हे चष्म्याच्या नंबराने ठरत नव्हतं.

आणि संस्कृत शिकायचं होतं तर मिळालं नाही, फारसीवर भागवावं लागलं. त्या पोराचे ठसे कुणी घेतले असते तर काय निघालं असतं? एवढा मोठा विद्वान कुठल्या खान्यात टाकला असता? खाना नव्हता अडचणीचा. अडचण गोणपाटाची होती.

खानदेशातल्या वाचकांनी हे लांबचं समजू नये. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब आपल्याच दोन जिल्ह्यांत फिरत होते. चाळीसगाव स्टेशनावर एक टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी आपल्याच एका माणसाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम हातात घेतला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत गेला. टांगेवाल्याला डोळे होते, कान होते, हातही तयार होते. त्याला शिकवलेलं होतं की या माणसाचा सारथी व्हायचं नाही. माणूस डोळ्याने शिकतो की कानाने यापेक्षा, त्याला काय शिकवलं जातं आणि कुणापासून लांब राहायला शिकवलं जातं, हा सवाल मोठा आहे.

आता कुणी शहाणा म्हणेल, बहिणाबाई चौधरींचं काय? त्या कानाच्याच ना? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं. १८८० साली आसोद्यात जन्मलेली बाई. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, ओठावर येईल ते रचत गेली. मुलगा सोपानदेवांनी टिपून ठेवलं म्हणून १९५१ साली ती गेल्यावर १९५२ साली पुस्तक तरी निघालं. एवढी तीक्ष्ण नजर, एवढा तयार कान. पण ती बाई कानावर राहिली ती बोटाच्या रेषांमुळे नाही. कुणब्याच्या घरातल्या पोरीच्या हातात त्या काळी कुणी पाटी दिली नाही म्हणून राहिली. आणि जे टिपलं गेलं नाही ते वावरातल्या वाऱ्यावर गेलं. ते किती होतं हे आता विद्यापीठही सांगू शकत नाही. शिवाय ती चौधरीण होती. आमच्या महारवाड्यातल्या, भिलाटीतल्या बायांनी जात्यावर जे रचलं, ते टिपायला घरात सोपानदेव नव्हता. निरक्षरतेला 'कानाची बुद्धी' म्हणून फुलं वाहू नका. आम्हाला कानही पाहिजे आणि पाटीही पाहिजे.

दुसरं उदाहरण धुळ्याचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत होते. गीतेशी आमचं भांडण आहे, ते वेगळ्या अंकात. इथं एवढंच बघा की ऐकता ऐकता पुस्तक तयार झालं, कारण ऐकणाऱ्याच्या हातात लेखणी होती आणि ती त्याच्या बापजाद्यांनी आधीच हातात दिलेली होती. नुसता कान असता तर प्रवचन बराकीतच विरलं असतं. कान, डोळा आणि हात एकत्र आले तेव्हा काम झालं. त्यांच्यासाठी तिन्ही, आणि आमच्या पोरांनी मात्र एक निवडायचा?

बरं, आजच्या शाळेत या. धुळे जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या म्हणून २०१६-१७ च्या सुमारास मोठा गाजावाजा झाला. गावोगाव लोकांनी वर्गणी काढून पडदे, प्रोजेक्टर आणले. त्या वर्गणीत मजुराचाही रुपया आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पोरांना हलतं चित्र दिसावं, आवाज ऐकू यावा, हे चांगलंच. पण पडदा भिंतीला लावला की शिक्षण झालं, असं ज्यांना वाटतं त्यांना दोन सवाल.

एक. बिल कोण भरतंय? वीजबिल थकलं म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रभर वाचल्यात. काळ्या पडद्यात पोराला फक्त स्वतःचं तोंड दिसतं. सरकारची नियत बघायची तर पुण्याची बालचित्रवाणी बघा. मुलांसाठी शिक्षणाचे कार्यक्रम करणारी सरकारी संस्था, १९८४ साली निघाली. दृश्य-श्राव्य शिक्षणाचं सरकारी घरच ते. २०१७ साली, म्हणजे डिजिटल-डिजिटल म्हणून जेव्हा ढोल वाजत होते नेमकं तेव्हा, सरकारने तिला टाळं लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचा निर्णय घेतला. आपलं घर बंद आणि बाजाराचं दुकान चालू. मग मार्च २०२० मध्ये करोना आला आणि शाळांना कुलपं लागली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, फोनवर धडे यायला लागले. घरात एकच फोन, आणि तो घेऊन बाप कामावर. त्या वर्षी पोरांची वाटणी डोळा आणि कान अशी झाली नाही. ज्याच्याकडे रिचार्ज आहे आणि ज्याच्याकडे नाही, अशी झाली. ही खरी तपासणी. हिच्यासाठी बोटं टेकवायची गरज नव्हती.

दोन. पडदा बोलतो कुठल्या भाषेत? खानदेशातलं पोर घरी अहिराणी ऐकतं. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यात कुणी पावरी बोलतं, कुणी भिली. पहिलीच्या वर्गात त्याच्या कानावर जी मराठी पडते ती त्याला परक्या मुलखातली वाटते. मास्तर विचारतो, पोर गप्प बसतं. घरी 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'माले' म्हणजे मला, 'आठे' म्हणजे इथं. वर्गात हे शब्द निघाले की हशा. चार वेळा हशा झाला की पोर तोंड उघडत नाही, आणि मग फाईलीत लिहिलं जातं, श्राव्य क्षमता कमी! कान चांगला आहे त्याचा, डोंगरापलीकडची बकरी आवाजावरून ओळखतो. तुमचा शब्द त्याच्या घरचा नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिलंय की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. 'शक्य तिथवर' या दोन शब्दांच्या आड सगळी कामचुकारी लपून बसली आहे.

आणि डोळ्याचं म्हणाल तर मागच्या ओळीतल्या पोरांचे डोळे कुणी तपासलेत? मी शाळेत शेवटच्या रांगेत बसायचो. बसायचो म्हणजे बसवायचे. पुढे कोण बसायचं हे आडनावं सांगायची. माझ्या शेजारच्या पोराला फळा धूसर दिसायचा. त्याला धूसर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, कारण सगळ्या जगाला तसंच दिसतं असं त्याला वाटायचं. तो सगळं ऐकून ऐकून पाठ करायचा. आज त्याची फाईल काढली असती तर 'कानाचा' निघाला असता. त्याला चष्मा पाहिजे होता. सातवीत शाळा सुटली, आता तो सुरतेकडे ऊस तोडायला जातो. दुसऱ्या एकाचा कान बारा महिने वाहायचा. त्याला मास्तर 'ढ' म्हणायचे. त्याला औषधाचे थेंब पाहिजे होते. डोळ्याचं मूल आणि कानाचं मूल या नावाखाली आपल्या वस्त्यांत जे सापडेल, त्यातलं कितीतरी असं निघेल: न तपासलेला डोळा, न पुसलेला कान, रिकामं पोट आणि शेवटचा बाक.

आपल्यातलेही काही कार्यकर्ते, काही मास्तर मला म्हणतात, "अरे, निदान या निमित्ताने मास्तरचं पोराकडे लक्ष तरी जातं. आणि आपली पोरं गाण्यात, ढोलकीत तयार असतातच. त्यांना गाण्यातून शिकवलं तर काय वाईट?" गाण्यातून शिकवा की! आंबेडकरी जलशाने हेच केलं. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, अक्षर न येणाऱ्या माणसाला गाण्याने आणि वगाने सगळा लढा समजावला. पण जलसा संपला की शाहीर काय सांगायचा? पोराला शाळेत घाल. गाणं पुस्तकापर्यंत न्यायचं. 'तुमच्या जातीला गाणं पुरे' असं कुठल्याही जलशाने सांगितलं नाही. आमच्या पोरांना गाणं द्या आणि गणितही द्या, आणि वरच्या आळीतल्या पोरांनाही ढोलकी धरायला लावा. मग मान्य. नाहीतर एका वर्गात सितार आणि दुसऱ्यात झांज, ही जुनीच वाटणी आहे. आणि लक्ष द्यायला मास्तरला फाईल लागते, तर तो मास्तर नाही, कारकून आहे.

आता करायचं काय? नुसत्या शिव्या देऊन अंक विकला जातो, पोर शिकत नाही.

पहिलं, आपल्या वस्तीत कुणी ठसे घ्यायला आला, शाळेत असो की मंडपात, त्याला विचारा: कुठल्या अभ्यासात हे सिद्ध झालं, दाखव. दाखवता आलं नाही तर यंत्र उचल आणि चालता हो. आणि जी शाळा आईबापांना न विचारता पोरांची बोटं टेकवून घेते, तिच्या दारात बसा.

दुसरं, शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात, आणि त्यात दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या संख्येच्या हिशेबाने जागा आहेत. त्या जागांवर आपल्या आया बसतात का ते बघा. कागदावर सही घेऊन चहा पाजून परत पाठवत असतील तर पुढच्या बैठकीला दहाजणी सोबत जा. तिथं पहिला ठराव मांडा: दर सोमवारी बाक बदलतील. शेवटचा बाक कुणाच्या नावावर राहणार नाही.

तिसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. डॉक्टरांच्या पथकाने वर्षातून एकदा सरकारी शाळेत येऊन पोरं तपासायची आहेत. पथक आलं का, किती डोळे तपासले, किती चष्मे पोरांच्या नाकावर पोचले, याचा हिशेब मागा. चष्म्याला जेवढा पैसा लागतो त्यापेक्षा जास्त पैसा ठसेवाला घेतो.

चौथं, पहिली-दुसरीच्या वर्गात अहिराणी, पावरी, भिली बोलली तर हशा होणार नाही, एवढं तरी मास्तरकडून वदवून घ्या. पोराचा शब्द फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकातला शब्द लिहा. दोन्ही वाचा. एका खडूचा खर्च आहे.

पाचवं काम आपलं. संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात, समाजमंदिरात दिवा असतो. तिथं रोज एक तास बसा. मॅट्रिक झालेला असेल त्याने दुसरीच्या पोरांना घ्यावं. मोठ्याने वाचा, चित्र काढून दाखवा, चिंचोके मोजायला द्या, आणि लिहायला लावा. चारही. एकही सोडायचं नाही. माझ्या बहिणीला मी हेच सांगितलं: फाईल चुलीत घाल, पोऱ्याला शेजारच्या पोरांत बसव, आणि रोज त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घे. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, तू फक्त ऐक. अडखळला की तुला कळेल.

व्यवस्थेला आमचं एक एक इंद्रिय सुटं सुटं पाहिजे. मजुरीसाठी हात, हुकूम ऐकायला कान, मान खाली घातलेले डोळे. जो माणूस डोळ्याने बघतो, कानाने ऐकतो, हाताने लिहितो आणि मग तोंड उघडतो, त्याची तिला भीती वाटते. तो आख्खा माणूस आपल्या शाळेतून बाहेर पडला पाहिजे. तेव्हा येत्या सोमवारी शाळेत जा. पोर कुठल्या बाकावर बसलंय ते आधी बघा. तिथं स्वतः बसून बघा. फळा दिसत नसेल, मास्तर ऐकू येत नसेल, तर उठा आणि पोराला हाताला धरून पुढे नेऊन बसवा.

जय भीम.